टिम डिन्सडेल: विमान अभियंता, लॉक नेसची २७ वर्षे आणि माझी एक अडचण

प्रश्न : तिपाई, पुणे

नमस्कार.

मी भूमापनाच्या क्षेत्रात २६ वर्षे काम करीत आहे. आमच्या वाचनालयात दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी एखादा सभासद आपल्या आवडीच्या विषयावर बोलतो आणि पुढच्या महिन्यात माझी पाळी आहे. मी विषय घेतला आहे लॉक नेस सरोवरातल्या कथित महाकाय प्राण्याच्या शोधामागे लागलेल्या टिम डिन्सडेल यांचा. क्रिप्टोझूलॉजी, म्हणजे ज्यांच्या अस्तित्वाचा पुरावा प्राणीशास्त्राला मिळालेला नाही अशा प्राण्यांचा शोध, हा छंद असलेल्या माणसाबद्दल बोलायचे म्हटले की श्रोते आधीच हसायच्या तयारीने येतात. खरे सांगायचे तर मीही त्याच भावनेने तयारीला बसलो होतो. परंतु वाचता वाचता हसू मावळले, कारण हा गृहस्थ मोजमाप करणाऱ्या आपल्याच पंक्तीत बसणारा निघाला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लॉक नेस हे स्कॉटलंडमधील सुमारे ३७ किलोमीटर लांब, जेमतेम दीड किलोमीटर रुंद आणि जवळपास २३० मीटर खोल असे सरोवर आहे. आजूबाजूच्या डोंगरांवरून कुजक्या वनस्पतींची काळी माती वाहून येत असल्यामुळे त्याच्या पाण्यात काही मीटरच्या खाली काहीच दिसत नाही. १९३३ साली काठाने नवा मोटाररस्ता झाला आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात इन्व्हर्नेसच्या स्थानिक वर्तमानपत्रात पाण्यात प्रचंड प्राणी दिसल्याची बातमी आली. पुढच्याच वर्षी लांब मानेचे ते प्रसिद्ध छायाचित्र छापले गेले. ते छायाचित्र म्हणजे खेळण्यातल्या पाणबुडीवर बसवलेले नकली डोके होते, हे उघड व्हायला १९९४ साल उजाडावे लागले. त्यामुळे डिन्सडेल यांनी शोध सुरू केला तेव्हा त्या छायाचित्रावर विश्वास ठेवणे हे भाबडेपणाचे लक्षण मानले जात नव्हते, ही गोष्ट आपण आज सहज विसरतो.

डिन्सडेल हे पेशाने विमान अभियंता. १९५९ साली त्यांनी एका मासिकात या प्राण्यावरचा लेख वाचला आणि त्यानंतर जे केले ते आपल्यापैकी कोणीही केले असते: मिळतील तेवढ्या प्रत्यक्षदर्शींच्या नोंदी जमवल्या, त्यांचे तक्ते मांडले, कुबड किती, मान किती लांब, वेग किती, पाणी शांत की खवळलेले, असे रकाने भरले. या तक्त्यांवरून त्यांनी सरोवराचा कोणता भाग अधिक आशादायक आहे हे ठरवले आणि एप्रिल १९६० मध्ये १६ मिलिमीटरचा बोलेक्स कॅमेरा, लांब पल्ल्याचे भिंग व तिपाई घेऊन ते एकटेच तेथे गेले. मोहीम सहा दिवसांची होती. शेवटच्या दिवशी, २३ एप्रिलच्या सकाळी, फॉयर्स गावाच्या वरच्या उतारावरून मोटारीतून उतरत असताना त्यांना पाण्यावर काहीतरी स्थिर दिसले. त्यांनी आधी दुर्बीण लावली. वस्तू लांबट, महोगनी लाकडाच्या रंगाची होती आणि तिच्या डाव्या बाजूला एक गडद डाग होता. ती हलू लागली तेव्हा त्यांनी कॅमेरा सुरू केला. ती समोरच्या काठाकडे नागमोडी जात राहिली, मग वळून काठाला समांतर धावू लागली. फिल्म संपत आली हे पाहून त्यांनी चित्रण थांबवले आणि जवळून टिपता येईल म्हणून मोटार खाली पाण्यापर्यंत पिटाळली. तोवर सरोवर मोकळे झाले होते.

यानंतर त्यांनी जे केले त्यासाठी मी त्यांना मनापासून दाद देतो. तेथल्या एका हॉटेलमालकाला विनंती करून त्यांनी मोटार लावलेली एक छोटी होडी त्याच मार्गाने न्यायला सांगितली आणि त्याच जागेवरून तिचेही चित्रण केले, म्हणजे तुलना करता यावी. घाईत, आनंदात आणि एकटे असताना ज्याला तुलनेचे माप घेण्याचे सुचते, तो माणूस हौशी असेल, पण गबाळा नाही.

जूनमध्ये ती फिल्म बीबीसीवर दाखवली गेली. पुढे त्यांनी अभियंत्याचा पेशा सोडला, पुस्तके लिहिली, व्याख्याने दिली, 'वॉटर हॉर्स' नावाच्या लहानशा होडीत एकट्याने आठवडेच्या आठवडे काढले आणि एकूण ५६ मोहिमा केल्या. डिसेंबर १९८७ मध्ये, वयाच्या ६३ व्या वर्षी, ते वारले. त्या पहिल्या फिल्मच्या तोडीचे दुसरे चित्रण त्यांना कधीही मिळाले नाही.

माझी अडचण अशी आहे. ज्याला अंतर, कोन, वेग आणि चूकमर्यादा यांचे शिक्षण मिळाले होते, ज्याने तुलनेची होडीसुद्धा चित्रित केली, तो नेमका कोठे घसरला? की घसरलाच नाही? "श्रद्धेपुढे बुद्धी चालत नाही" हे उत्तर मला नको आहे; ते कोणालाही, कशालाही लावता येते.

उत्तर १ : समोच्चरेषा, नागपूर

तिपाईसाहेब, माझी सगळी नोकरी हवाई छायाचित्रांवरून नकाशे करण्यात गेली, तेव्हा मी फक्त माझ्या विषयापुरते बोलतो.

आपण एक महत्त्वाचा टप्पा गाळला आहे. १९६६ साली ही फिल्म ब्रिटिश हवाई दलाच्या हवाई टेहळणी केंद्राकडे तपासणीला गेली होती. शत्रूच्या विमानतळांची आणि जहाजांची छायाचित्रे वाचणारी ही मंडळी होती. त्यांच्या कौशल्याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. त्यांनी त्या कुबडाची लांबी साधारण १२ ते १६ फूट, पाण्यावरची उंची सुमारे ३.७ फूट आणि वेग ताशी दहा मैलांच्या आसपास काढला, आणि वस्तू बहुधा सजीव असावी असा शेरा दिला. डिन्सडेल यांच्या उर्वरित आयुष्याचा पाया म्हणजे हा शेरा.

आता आपण स्वतः गणित करून पाहू. भिंग १३५ मिलिमीटरचे आणि अंतर सुमारे १,२०० मीटर धरले, तर साडेचार मीटर लांबीची वस्तू फिल्मवर जेमतेम अर्धा मिलिमीटर भरते. तिची उंची भरते मिलिमीटरचा आठवा भाग. त्या काळच्या १६ मिलिमीटर फिल्मवर एका मिलिमीटरात ५० रेषा वेगळ्या ओळखता आल्या तरी पुष्कळ झाले, असे मी अनुभवाने सांगतो. म्हणजे अख्ख्या 'प्राण्याच्या' वाट्याला आडवे पंचवीस आणि उभे सहा कण आले. होडीत सुकाणू धरून बसलेल्या माणसाचे डोके याच हिशेबाने मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाएवढे होते, म्हणजे एखाददुसरा कण. तो कण चौकटीत आहे की नाही हे फिल्मच्या दाण्यावर आणि त्या क्षणीच्या उजेडावर अवलंबून आहे. नंतरच्या काळात काही अभ्यासकांनी लागोपाठच्या चौकटी एकावर एक रचून पाहिल्या, तेव्हा वस्तू काठाला समांतर जात असताना तिच्यावर एक फिकट ठिपका सातत्याने दिसतो आणि तो होडीत बसलेला माणूस असावा, असे त्यांनी मांडले. मला ते पटते.

परंतु मुख्य मुद्दा वेगळाच आहे. छायाचित्र वाचणारा माणूस आकार आणि वेग सांगू शकतो. सजीव की निर्जीव हे पंचवीस कणांतून वाचता येत नाही. मग तो शेरा आला कोठून? वजाबाकीतून. पाणबुडी नाही, साधी होडी नाही, तेव्हा उरले ते सजीव. आणि त्या आकाराची वेगवान मोटारबोट असू शकेल, ही शक्यता त्यांच्याच अहवालात आलेली होती. ती बाजूला सारली गेली ती बऱ्याच अंशी चित्राबाहेरच्या माहितीवर, म्हणजे पाहणाऱ्यांनी विचार करून तसे काही नव्हते असे सांगितल्यावर, आणि अशा बोटी सहज नजरेत येतील अशा रंगवलेल्या असतात या समजुतीवर. आमच्या कार्यालयात असे झाले असते तर वरिष्ठांनी लाल शाईने एकच प्रश्न लिहिला असता: "ही माहिती छायाचित्रातून आली की अर्जदाराकडून?"

तेव्हा माझे उत्तर असे, की डिन्सडेल मोजणीत घसरले नाहीत. त्यांचे म्हणणे तज्ज्ञांकडे गेले, तज्ज्ञांच्या सही-शिक्क्यासह परत आले, आणि त्यात आपलाच शब्द परत आला आहे हे त्यांच्या लक्षात आले नाही.

तुलनेच्या होडीबद्दलही एक सांगतो. ती आपण म्हणता तशी फार चांगली कल्पना होती, पण होडी नंतर गेली, उजेड चढल्यावर गेली. सकाळचे तिरपे, मंद ऊन आणि नंतरचे लख्ख ऊन यांत एकच होडी दोन निरनिराळ्या वस्तूंसारखी दिसते. तुलना करायची तर दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, तशाच आभाळाखाली करायला हवी होती. अर्थात दुसरा दिवस त्यांच्या हाती नव्हता. मोहीम संपली होती.

उत्तर २ : कोयनाकाठची

समोच्चरेषा काकांच्या गणितात मी काही भर घालू शकत नाही, पण पाण्याबद्दल दोन गोष्टी सांगते, कारण माझे बालपण शिवसागर जलाशयाच्या काठी, बामणोलीच्या अलीकडच्या एका वाडीत गेले आणि वडील लाँचवर होते.

अरुंद, खोल आणि दोन्ही बाजूंनी चढ असलेल्या पाण्यात लाँच निघून गेल्यावरही तिच्या लाटा कितीतरी वेळ राहतात. लाँच वळणापलीकडे गेलेली असते, आवाजही थांबलेला असतो, आणि पाच-दहा मिनिटांनी या काठावरून परतलेली लाट त्या काठावरून परतलेल्या लाटेला मध्यभागी भेटते. तेथे पाणी काळ्या पाठीसारखे उचलले जाते, एकामागे एक दोन-तीन कुबडे होतात आणि ती वाऱ्याच्या उलट दिशेने चालत जातात. सकाळी पाणी आरशासारखे असते तेव्हा हे फार स्पष्ट दिसते. माझी आजी आम्हा मुलांना सांगायची की ही बुडालेल्या गावातली म्हैस आहे, आणि मी आठ-नऊ वर्षांची होईपर्यंत त्या म्हशीवर माझा पूर्ण विश्वास होता. शेवटी वडिलांनी एकदा लाँच मधोमध उभी करून मला ती म्हैस आमच्या अंगाखालून जाताना दाखवली. नुसता एक हेलकावा बसला.

लॉक नेस हे निर्जन सरोवर आहे असे चित्र आपल्या मनात असते, ते बरोबर नाही. १८२२ साली खुला झालेला कॅलेडोनियन कालवा या सरोवरातूनच जातो आणि स्कॉटलंडच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्याला जाणाऱ्या होड्या तेथून ये-जा करीत असतात. तक्ते भरणाऱ्याने 'पाणी शांत होते का' हा रकाना ठेवला, पण 'आधीच्या अर्ध्या तासात कोणती होडी गेली' हा रकाना ठेवला नाही, आणि ठेवला असता तरी तो भरायला कोणाकडे माहिती नव्हती. डिन्सडेल यांची फिल्म लाटेची नाही हे मला मान्य आहे, ती होडीचीच असावी; पण ज्या नोंदींवर विसंबून ते तेथे गेले त्या नोंदींत आमच्या आजीच्या म्हशी किती असतील, याचा विचार आपल्या व्याख्यानात यावा असे मला वाटते.

आणखी एक. घरी पत्नी व चार मुले असताना माणूस चांगला पेशा सोडून दरवर्षी होडीत जाऊन बसतो, त्याचा खर्च कोण आणि कसा भागवते? छंदाच्या गोष्टी सांगताना ही बाजू नेहमी राहून जाते.

उत्तर ३ : क्षारमास्तर, सांगली

ताईंची आजी आवडली.

मी निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक आहे, आणि माझ्याच विषयातला एक माणूस या चर्चेत आणल्याशिवाय मला राहवत नाही. दक्षिण आफ्रिकेतील जे. एल. बी. स्मिथ हे ग्रॅहम्सटाउनच्या रोड्स विद्यापीठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवीत असत आणि मासे हा त्यांचा छंद होता. २२ डिसेंबर १९३८ रोजी ईस्ट लंडन या बंदरातील लहानशा संग्रहालयाच्या प्रमुख मार्जोरी कोर्टने-लॅटिमर यांना कोळ्यांच्या ढिगात दीड मीटर लांबीचा, निळसर, पायांसारखे मांसल पर असलेला विचित्र मासा मिळाला. त्यांनी कागदावर त्याचे कच्चे चित्र काढून स्मिथना पाठवले. ते चित्र पाहून स्मिथना जो प्राणी आठवला, तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वी नष्ट झाला असे सर्व पाठ्यपुस्तके सांगत होती. तो सीलाकँथ होता.

येथे लक्षात घ्या, की स्मिथ यांची स्थितीही डिन्सडेल यांच्यासारखीच होती: पेशा वेगळा, छंद वेगळा, आणि मनात एक अशी खात्री की जी बोलून दाखवली तर नाव जाईल. फरक इतकाच होता की त्यांच्यासमोर कातडे होते. मऊ भाग उन्हाळ्यात सडून फेकून द्यावे लागले होते, म्हणून स्मिथना दुसरा नमुना हवा होता, आणि तो मिळवण्यासाठी ते चौदा वर्षे झटले. त्यांनी काय केले? ते स्वतः किनाऱ्यावर दुर्बीण घेऊन बसून राहिले नाहीत. त्यांनी माशाचे छायाचित्र असलेले पत्रक इंग्रजी, फ्रेंच आणि पोर्तुगीज भाषांत छापले, १०० पौंडांचे बक्षीस लावले आणि ते पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर कोळ्यांपर्यंत पोहोचवले. डिसेंबर १९५२ मध्ये कोमोरो बेटांवरच्या एका कोळ्याच्या गळाला तो मासा लागला, आणि स्मिथ यांनी थेट पंतप्रधान मलान यांना फोन लावून लष्करी विमान मिळवले. त्या बेटांवरच्या कोळ्यांना तो मासा पूर्वीपासून ठाऊक होता. नवीन होता तो आपल्याला.

सीलाकँथचे उदाहरण लॉक नेसवाले नेहमी आपल्या बाजूने देतात, की पाहा, नष्ट झालेला प्राणी सापडला. मला ते उलट बाजूचे उदाहरण वाटते. जो प्राणी खरोखर असतो तो ज्यांचे पोट त्या पाण्यावर आहे त्यांच्या जाळ्यात केव्हातरी येतो. ३७ किलोमीटरच्या सरोवरात काठावर इतकी वस्ती आणि पाण्यात इतक्या होड्या असताना एक हाड, एक दात, एक कुजलेले पिल्लू कधीच मिळू नये, हा रकाना रिकामा राहिला ही सुद्धा नोंद आहे. २०१८ मध्ये न्यूझीलंडचे संशोधक नील जेमेल यांनी सरोवराच्या ठिकठिकाणच्या आणि निरनिराळ्या खोलीच्या पाण्यातून डीएनए गाळून तपासला. सरपटणाऱ्या प्राण्याचा मागमूस नव्हता, ईल माशांचा मात्र भरपूर होता.

उत्तर ४ : शंकेखोर

मास्तर, आपण उपकरणांच्या मोहाबद्दल काही बोलला नाहीत. डिन्सडेल यांच्याकडे निदान एकच कॅमेरा होता. रॉबर्ट राइन्स यांचे पाहा. हे अमेरिकन गृहस्थ तेथल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेचे पदवीधर, दुसऱ्या महायुद्धात रडारवर काम केलेले, पुढे नामांकित पेटंट वकील. त्यांनी १९७२ मध्ये सोनार, म्हणजे ध्वनिलहरींनी पाण्याखालचा वेध घेणारे यंत्र, आणि पाण्याखालचा झगझगणारा दिवा यांची सांगड घातली. त्या दिव्यामागे हॅरल्ड एजर्टन यांच्यासारखा या तंत्राचा जनक होता. मिळालेल्या धूसर चित्रावर संगणकाने संस्करण झाले आणि जगभर छापून आला तो शंकरपाळ्याच्या आकाराचा ठसठशीत पर. नंतर मूळ संगणकीय प्रती पाहिल्या गेल्या तेव्हा त्यांत तशी स्पष्ट कडा नव्हती. छापलेल्या प्रतीवर कोणाचा तरी हात फिरला होता. १९७५ मध्ये राइन्स आणि निसर्गतज्ज्ञ सर पीटर स्कॉट यांनी 'नेचर' मध्ये या प्राण्याला शास्त्रीय नावही देऊन टाकले, कारण कायद्याचे संरक्षण मिळायचे तर नाव हवे. त्या नावाची इंग्रजी अक्षरे उलटसुलट केली की 'सर पीटर एस. यांची राक्षसी थाप' अशा अर्थाचे वाक्य होते, हे एका ब्रिटिश खासदाराने दाखवून दिले. राइन्स यांनी तीच अक्षरे वापरून 'होय, दोन्ही चित्रे राक्षसांचीच' असे उत्तर जुळवले. विनोदबुद्धी शाबूत होती, एवढे म्हणू या.

तिपाईंना माझा प्रश्न असा, की अभियंत्याचे शिक्षण येथे उपयोगी पडते की आडवे येते? साधा माणूस 'काहीतरी दिसले' म्हणून घरी जातो. अभियंता त्याला लांबी-रुंदी देतो, आणि एकदा लांबी दिली की ती वस्तू असल्यासारखी वाटू लागते.

उत्तर ५ : रानपिंगळा, शहादा

शंकेखोर यांचा प्रश्न नेमका आहे, पण शिक्षणाला दोष देण्याआधी आमच्या नंदुरबार जिल्ह्यातली गोष्ट ऐकावी. माझे येथले नाव ज्या पक्ष्यावरून घेतले आहे, तो रानपिंगळा १८८४ नंतर कोणालाच खात्रीने मिळाला नव्हता. मधल्या काळातली एकच नोंद होती: रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहातील कातडे, ज्याच्या चिठ्ठीवर १९१४ साल आणि गुजरातमधील मांडवी हे ठिकाण लिहिले होते. साहजिकच शोध घेणारे त्या चिठ्ठीच्या भरवशावर फिरत राहिले आणि हात हलवीत परतले.

अमेरिकन पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी रानावनात पाऊल टाकण्याआधी ते कातडे तपासले. पक्ष्याचे कातडे भरण्याची प्रत्येकाची हातोटी वेगळी असते: कापूस किती, टाके कोठे, पंख कसे बांधले. माइनर्ट्झहागेन यांनी ते कातडे उसवून पुन्हा भरले होते, तरी आधीच्या हाताच्या खुणा उरल्या होत्या, आणि तो हात होता जेम्स डेव्हिडसन या खानदेशात नेमणुकीवर असलेल्या सनदी अधिकाऱ्याचा. म्हणजे नमुना संग्रहालयातून चोरलेला आणि चिठ्ठी बनावट. ती चिठ्ठी रद्द करताच शोधाची जागा बदलली. नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे जुन्या, खऱ्या नोंदींच्या ठिकाणी फिरत शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याशी आले आणि ११३ वर्षांनी रानपिंगळा दिवसाढवळ्या, पानगळ झालेल्या झाडावर बसलेला सापडला. पुढे तो मेळघाटातही मिळाला.

डेव्हिडसन हेही हौशीच होते, हे लक्षात असू द्या. कचेरीचे काम सांभाळून पक्षी गोळा करणारा अधिकारी. पण त्यांनी चिठ्ठीवर लिहिलेली जागा आणि तारीख खरी होती, म्हणून शंभर वर्षांनी कोणालातरी तिचा उपयोग झाला. डिन्सडेल यांच्याकडे हातात धरून उसवता येईल असे काही नव्हते. त्यांनी जमवलेल्या नोंदी म्हणजे सगळ्या चिठ्ठ्या होत्या, कातडे एकही नव्हते, आणि कोणती चिठ्ठी खोटी हे ओळखायला त्यामुळे मार्गच नव्हता. १९३४ चे ते छायाचित्रसुद्धा माइनर्ट्झहागेन यांच्या चिठ्ठीसारखेच काम करून गेले: लांब मान शोधायची हे सर्वांच्या मनात त्याने बसवले.

तिपाई, पुणे

सर्वांचे आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण मधल्या काळात मी एक उद्योग केला.

समोच्चरेषा काकांच्या पंचवीस कणांनी मला स्वस्थ बसू दिले नाही. भोरजवळ भाटघर जलाशयाच्या काठी माझ्या बहिणीचे शेत आहे. तेथल्या एका ओळखीच्या मासेमाराकडे साधारण पंधरा फुटांची, डांबर फासलेली होडी आहे आणि तिला अलीकडेच त्याने मोटार बसवून घेतली आहे. माझा कॅमेरा डिजिटल असला तरी १३५ मिलिमीटरचे जुने भिंग माझ्याकडे होते. पलीकडच्या उतारावर, अंतरमापक यंत्राने १,१९० मीटर मोजून, मी तिपाई रोवली. पहिल्या दिवशी सकाळी सव्वासात वाजता होडी समोरच्या काठाकडे नागमोडी नेली, मग काठाला समांतर. काकांच्या सूचनेला धरून दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा नेली, आणि तिसरी फेरी साडेदहाच्या उन्हात घेतली. घरी येऊन प्रत्येक चौकट इतकी लहान केली की होडीच्या वाट्याला आडवे पंचवीसच ठिपके यावेत, आणि वर थोडा दाणा मिसळला.

साडेदहाच्या चित्रणात होडी होडीच दिसते. मोटारीमागचा पांढरा फेस आणि बसलेली माणसे कळतात. सव्वासातच्या दोन्ही चित्रणांत एक काळपट, तिकोनी कुबड पाणी कापत जाते, मागे स्वच्छ पाचराची लाट सोडते, आणि वळून काठाला समांतर झाल्यावर पलीकडच्या डोंगराच्या सावलीत हळूहळू बुडाल्यासारखे नाहीसे होते. मला माहीत होते ती होडी आहे. तरीही ती बुडते आहे असेच मला दिसले, आणि ते पाहताना मानेवरचे केस उभे राहिले, हे मी प्रामाणिकपणे लिहून ठेवतो.

शंकेखोर यांच्या प्रश्नाचे माझे उत्तर आता असे आहे की शिक्षण आडवे आले नाही, ते एका जागी अपुरे पडले. आपल्याला चूकमर्यादा शिकवतात ती लांबीची आणि कोनाची. समोर काय आहे याविषयीची चूकमर्यादा काढायला कोणत्याही पाठ्यक्रमात शिकवत नाहीत, आणि सरोवराच्या काठी एकट्या माणसाला ती सांगणारे दुसरे कोणी नसते. कोयनाकाठच्या ताईंच्या खर्चाच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. व्याख्यानात मी तो प्रश्न म्हणूनच ठेवणार आहे.

व्याख्यानाची सुरुवात सव्वासातच्या चित्रणाने करीन, काही न सांगता. काल रात्री ते बहिणीला दाखवले. तिने दोनदा पाहिले आणि हे कोणत्या देशातले आहे असे विचारले. त्या होडीत पुढच्या बाजूला, लाल टोपी घालून, तिचाच मुलगा बसला होता.